शंभरातले पाच

वसईच्या एका कॉलेजात मी गणित शिकवायचे. कॉलेज सकाळचं. दुपारी मी घरी परत यायचे तेव्हा आमच्या इमारतीतली बहुतेक दारं कुलूपबंद असायची, सगळे मुंबईला कामावर गेलेले. लग्न मी केलं नव्हतं, आईवडील गेले होते, भाऊ नागपूरला. जेवून भांडी घासली की पुढचा सगळा दिवस माझा एकटीचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलात सिस्टरनं संमतीपत्र पुढे केलं आणि विचारलं, "बरोबर नातेवाईक कोण आहे?"

"कोणी नाही. मीच सही करते."

"पेशंटची चालत नाही मॅडम. नातेवाइकाची लागते."

शेवटी शेजारच्या बाईंना बोलावून आणलं. त्यांना माझं आडनाव तेवढं ठाऊक होतं. त्यांनी 'बहीण' असं लिहून सही केली आणि भाजी गॅसवर आहे म्हणून घाईनं निघून गेल्या. मी सर्जनना विचारलं, "धोका किती असतो यात? शंभरात किती?" ते हसले. "तुम्ही गणिताच्या, म्हणून विचारता. एरवी कोणी विचारत नाही."

टाके सुकेपर्यंत घरी पडून होते. बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांचं ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. डॉक्टर धोका सांगतात, माणूस सही करतो. पण त्याला आकडा कळलाच नसेल, तर कायद्याच्या दृष्टीनं ती संमती म्हणायची का? आणि तो कळावा म्हणून शिकवायचा कसा? वर्गात मी संभाव्यता शिकवत होते ती नाणी आणि फासे घेऊन. तिचा असा काही उपयोग असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पीएच.डी.साठी हाच विषय घ्यायचा ठरवला आणि माझे विद्यापीठात हेलपाटे सुरू झाले. गणित विभागात म्हणाले, "यात प्रमेय कुठे आहे?" विधी विभागात म्हणाले, "तुमच्याकडे कायद्याची पदवी नाही." शिक्षणशास्त्रातल्या एका वयस्क प्राध्यापकबाईंनी मात्र माझं विषयाचं टिपण शेवटपर्यंत वाचलं. "यात विद्यार्थी कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पेशंट." त्या मार्गदर्शक व्हायला तयार झाल्या. एक अट त्यांनी बजावून सांगितली, "तुम्ही फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, चूक दुरुस्त करायची नाही."

स्टेशनजवळच्या एका सर्जननी त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसायची परवानगी दिली. पेशंट राजी असले तर टेप चालू करून मी एवढंच विचारायचे, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. वालीवच्या कारखान्यांत काम करणारे, नालासोपाऱ्यात नव्यानं राहायला आलेले, गावातले जुने, सगळे यायचे. बहुतेकांना आकडा आठवतच नसे. "डॉक्टर चांगले आहेत," एवढंच सांगत. घरी येऊन मी टेप लावून ते सगळं उतरवून काढायचे. कितीतरी दुपारी माझ्या घरात तेवढेच आवाज असायचे.

एक दिवस पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक बाई बाकावर येऊन बसली. नवऱ्याच्या पोटात गाठ होती. तो आत तपासणीच्या टेबलावर होता आणि संमतीपत्र हिच्या हातात. मृत्यूचा धोका पाच टक्के, असं डॉक्टरांनी त्यावर लिहिलेलं मला दिसत होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"डॉक्टर म्हनाला, पंच्यान्नव टक्के बरा होतो," ती म्हणाली. "म्हंजे थोडं दुखनं राहील. पाच टक्के. तेवढं काय, चालल."

ती निर्धास्त होती. सही करायला पेन मागत होती, आणि पेन माझ्याच हातात होतं. टेप चालू होता. नियम मला पाठ होता. मी टेप बंद केला.

"बाई, तसं नाही ते," मी म्हटलं. "अशी शंभर माणसं ऑपरेशनला गेली, तर पंच्याण्णव घरी येतात. पाच येत नाहीत."

तिनं पेनासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "येत नाय म्हंजे?"

मी सांगायच्या आत तिला कळलं होतं. ती उठली, कागद घेऊन तडक आत गेली. आतून आधी तिचा आवाज आला, मग डॉक्टरांचा. थोड्या वेळानं नवऱ्याला हाताला धरून ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझा पेशंट घाबरवलात. उद्यापासून येऊ नका."

मार्गदर्शकबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "ही मुलाखत काढून टाका. तुम्ही मध्ये पडलात." दुसरं हॉस्पिटल मिळेपर्यंत पावसाळा उलटला.

पाचूबंदरला जायचं मी बरेच दिवस टाळलं. शेवटी विचारत विचारत गेले. नवरा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. ऑपरेशन मुंबईला सरकारी हॉस्पिटलात झालं होतं, व्यवस्थित. त्यानं मला पाट दिला. बाई मात्र उभीच राहिली.

"तुमी सांगलं ते बरं केलं का वाईट, मला अजून कळत नाय," ती म्हणाली. "त्याला आत नेला ना, तवा भायेर लय मानसं बसलेली. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. यातलं कोन कोन परत नाय जायचं घरी? नसतं कळलं तं गप बसले असते."

थोडा वेळ बसून निघाले. तिनं पुन्हा या म्हटलं नाही, आणि मीही पुन्हा गेले नाही.

प्रबंधात ती मुलाखत मी आकडेवारीत धरली नाही, पण परिशिष्टात घालण्याचा हट्ट धरला. तोंडी परीक्षेत गणिताच्या परीक्षकांनी एका तक्त्यातल्या दशांशचिन्हाची चूक दाखवली. कायद्याच्या परीक्षकांनी मात्र परिशिष्टच उघडलं.

"तुम्ही का बोललात?" त्यांनी विचारलं.

"ती माझ्याकडे पेन मागत होती," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पटलं म्हणून की नाही, कळलं नाही. पदवी मिळाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. विषय काय होता असं दोघांनी विचारलं, मी सांगायला लागले तोवर तासाची घंटा झाली. भावाला फोन केला. तो म्हणाला, "छान झालं. आता आराम कर."

पुढे त्यावर लेख लिहिला. गणिताच्या मासिकानं तो शिक्षणाचा म्हणून परत पाठवला, शिक्षणाच्या मासिकानं कायद्याचा म्हणून. कायद्याच्या मासिकाकडून उत्तरच आलं नाही. अखेर आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला, मुलांच्या कविता आणि क्रीडाविभागाच्या अहवालाच्या मध्ये.

अंक निघाल्यावर काही महिन्यांनी दुपारी फोन वाजला. अर्नाळ्याकडचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात कोणीतरी तो अंक विसरून गेलं होतं. "मॅडम, धोका सांगायचा तर आहे, पण माणूस मोडता कामा नये. कसं सांगू?" त्यांनी विचारलं. आम्ही पुष्कळ वेळ बोललो. टक्के सांगू नका, माणसं सांगा, मी म्हटलं. सांगून झाल्यावर लगेच सही मागू नका, जरा तिथं बसून राहा. ते मध्येमध्ये थांबून लिहून घेत होते. एवढ्या वर्षांत मला त्या विषयावर इतकं सलग कोणी विचारलं नव्हतं. बोलताना माझा घसा कोरडा पडला, पण पाणी प्यायला उठले नाही.

"पुन्हा फोन करतो," असं म्हणून त्यांनी ठेवला. त्यांचा नंबर मी विचारला नव्हता, आणि त्यांचा फोन पुन्हा आला नाही. कामात असतील. त्या वर्षी मी दुपारची झोपायचे ते पुढच्या खोलीतच, फोनजवळ.