प्रभुभोजनाआधीचा जिना

सकाळी साडीला इस्त्री करताना गरम कापडाचा वास आला आणि नव्वदच्या दशकातला जुईनगरचा आमचा जिना आठवला. न्हावा शेवा बंदरातल्या रात्रपाळीहून आलेले पप्पा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पायरीवर बसले होते. चर्चमध्ये त्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी होता. आदल्या दिवशी वरच्या सावंतांशी पाण्यावरून भांडण झालेलं, आणि समेट केल्याशिवाय पप्पा प्रभुभोजन घेत नसत.

“पप्पा, पाण्याची मोटर त्यांनीच बंद केली होती.”

“हो. पण ओरडलो मी.”

“मग चला ना वर.”

“थांब जरा. दम लागलाय.”

जिना तर जेमतेम सुरू झाला होता.

आज वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे माफी मागायला निघालेय. चूक तिचीच आहे. पहिल्याच पायरीवर बसलेय, दम लागलाय.