मेधामावशी आणि रात्रीचा भात

मेधामावशी गेल्याचं तिच्या नवऱ्याने, सुधीरकाकांनी, मेसेज करून कळवलं. "मेधा सकाळी गेली. त्रास झाला नाही. लिंक पाठवतो." मेलबर्नमध्ये तेव्हा लॉकडाऊन होता आणि अंत्यविधीला मोजक्याच माणसांना जाता येत होतं. मावशीचं घर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, क्लेटन या उपनगरातच, रेल्वेच्या पलीकडे. तरीही मी माझ्या खोलीत, पलंगावर लॅपटॉप ठेवून, स्वतःचा कॅमेरा बंद करून सगळं पाहिलं. काका एका बाजूला उभे होते, मास्कमुळे त्यांचे फक्त डोळे दिसत होते. मध्येच कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली, ते म्यूट करायला विसरले होते. एरवी अशा वेळी मावशी म्हणाली असती, "भात होतोय वाटतं कुणाकडे... झाल्यावर ओट्यावर नका हं ठेवू." मला आधी हसू आलं आणि मग हसू थांबल्यावर काय करायचं ते कळेना.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. ती आहारतज्ज्ञ होती. नोकरी सांभाळून गेली कित्येक वर्षं ती इथल्या भारतीय घरांमध्ये, मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत, देवळाच्या हॉलमध्ये, युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांसमोर एकच विषय घेऊन उभी राहायची: अन्न नीट शिजवा, नीट ठेवा, नीट खा. मी पुण्याहून मास्टर्ससाठी आले तेव्हा नव्या मुलांसाठीच्या अशाच एका कार्यक्रमात ती मला पहिल्यांदा दिसली. मी सवयीने शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ती नेमकी माझ्याकडे आली.

"काल रात्री काय जेवलीस?"

"सीरियल," मी म्हटलं.

"आणि परवा?"

मी बॅग आवरू लागले. ती म्हणाली, "बरं. शनिवारी घरी ये. आणि मला अहो-जाहो करू नकोस, मी आधीच म्हातारी दिसते."

मी लोकांच्या घरी सहजासहजी जात नाही. त्या शनिवारी का गेले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक तिने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही म्हणून. तिने ताटात अर्ध्या भागात भाजी वाढली, उरलेल्यात आमटी-भात आणि पोळी, आणि जेवताना माझ्याशी फारसं बोललीही नाही. मी गप्प असले की लोकांना वाटतं काहीतरी विचारलं पाहिजे. तिला तसं वाटत नसे. नंतर मी तिच्या स्लाइड्स करून देऊ लागले. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं, त्यामुळे मराठी मजकूर लिहायची मला लाज वाटायची. ती म्हणायची, "तू लिही. तुला समजेल असं मराठी लिहिलंस तर सगळ्यांना समजेल."

तिचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारा विषय म्हणजे भात. आपल्याकडे रात्रीचा उरलेला भात झाकून ओट्यावर ठेवतात आणि सकाळी त्याला फोडणी देतात. मावशी सांगायची, भातात असे काही जंतू असतात जे शिजवूनही पूर्ण मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष सकाळी कितीही परतलं तरी जात नाही. भात ताटात पसरा, वाफ जाऊ द्या आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. एवढंच. पण एवढ्यावरून हॉलमध्ये जो गोंधळ व्हायचा तो पाहण्यासारखा असे. मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ नलूकाकू दरवेळी पहिल्या रांगेत बसत आणि दरवेळी तोच मुद्दा काढत.

"आमच्या कितीतरी पिढ्या शिळा भात खाऊन जगल्या, मेधा."

"जगल्या त्यांनाच तुम्ही भेटलात, काकू. बाकीच्यांना काहीतरी बाधलं असं म्हणून आपण मोकळे झालो."

"आणि हे काय खुपसतेस भातात?"

"थर्मामीटर."

"अगं बाई, आता भाताचाही ताप बघतेस का?"

सगळे हसायचे, मावशीही हसायची, आणि थर्मामीटर पुसून शांतपणे पुढच्या पातेल्याकडे वळायची. तिला वादात जिंकायची घाई नसे. घरी परतताना गाडीत मी एकदा म्हटलं होतं की काकू कधीच ऐकणार नाहीत. ती म्हणाली, "त्या दरवेळी येतात ना? मग ऐकतायत."

महामारी आली आणि हॉल बंद झाले. पार्ट-टाइम कामं गेलेली, घरी परत जाता न येणारी कितीतरी मुलं आसपासच्या घरांमध्ये अडकून पडली. मंडळातल्या बायकांनी त्यांच्यासाठी डबे सुरू केले. मावशीने ते काम हातात घेतलं आणि लगेच तिच्या लक्षात आलं की सगळ्या जणी एकच चूक करतायत. कुणाला थंड अन्न पाठवणं आपल्याला अपमान वाटतो. म्हणून प्रत्येक जण डबा गरम असतानाच घट्ट बंद करायची, टर्किश टॉवेलात गुंडाळायची, आणि तो तसाच, ना गरम ना गार, दुपारभर कुणाच्या तरी गाडीत फिरायचा. "अन्नाला दुलई घालू नका गं," मावशी झूमवर विनवायची. "एक तर चांगलं गरम पाठवा नाहीतर फ्रीजमधलं गार. मधलं नको." मी कॅमेरा बंद ठेवून स्लाइड्स पुढे ढकलायचे. नलूकाकूंचा चेहरा अर्धाच दिसायचा, कपाळ आणि चष्मा. "गार डबा उघडून पोराला रडू नाही का येणार?" त्या म्हणायच्या. मावशी म्हणायची, "त्याला मायक्रोवेव्ह लावता येतो, काकू. नो वरीज."

त्याच वर्षीच्या थंडीत मावशीच्या आजाराचं निदान झालं. ट्रीटमेंट सुरू झाली तशी तिची प्रतिकारशक्ती इतकी खाली गेली की बाहेरचं काहीही तिला देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं. कच्चं नको, उरलेलं नको, कुणी कसं ठेवलंय ते माहीत नाही असं काहीच नको. पण लोक तिच्यावर प्रेम करत होते आणि आपल्याकडे प्रेम डब्यातूनच पाठवलं जातं. दारात पिशव्या यायच्या. कोशिंबिरी, दहीवडे, टॉवेलातल्या खिचड्या. काका प्रत्येकाला फोन करून थँक यू म्हणायचे आणि मग ते सगळं टाकून द्यायचे. हे करताना ते स्वयंपाकघराचं दार लावून घेत, म्हणजे मावशीला दिसू नये. तिला अर्थातच कळायचं. ती कुणालाही न दुखावता सांगू शकली असती असं मला आधी वाटायचं. पण तिने कधीच सांगितलं नाही. "त्यांनी केलं ना प्रेमाने..." एवढंच म्हणायची.

मग एक दिवस काकांचा फोन आला. थोडे अवघडून म्हणाले, "मेधा म्हणतेय, तुझा डबा चालेल." मी आयुष्यात मिळवलेल्या कुठल्याही डिग्रीपेक्षा मला त्या वाक्याचा जास्त अभिमान वाटला. त्यानंतर मी तिच्यासाठी रोज काहीतरी करू लागले. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. हात धुऊन, भांडी उकळून, सगळं नीट शिजल्याची खात्री करून गरम गरम नेऊन द्यायचे आणि बाहेरच्या बाजूने तिच्या खिडकीशी उभी राहायचे. ती आतून जेवायची. काचेतून नीट ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही बोलायचोच नाही. मला ते फार सोपं वाटायचं. आता वाटतं, बोलायला हवं होतं...

काही आठवड्यांनी ट्रीटमेंट थांबवली. थांबवली म्हणजे उपयोग होत नव्हता म्हणून. काकांनी तिचा पलंग पुढच्या खोलीत हलवला. आता मदतीला म्हणून मला आत जाता येत होतं, मास्क लावून. अशाच एका दुपारी काका फोनवर बोलायला अंगणात गेले आणि मावशीने मला जवळ बोलावलं.

"एक करशील? फोडणीचा भात आण."

"उद्या सकाळी आणते."

"रात्रीचा हं. ओट्यावर झाकून ठेवलेला. फ्रीजमधला नको."

मी हसले. "परीक्षा घेतेस का माझी?"

"नाही गं. परीक्षा कसली आता." तिने डोळे मिटले. मग मला मिरजेच्या घराबद्दल सांगू लागली. शाळेत जायच्या आधी आई रात्रीचा भात परातीत घेऊन बोटांनी मोकळा करायची. त्याला एक किंचित आंबूस वास असायचा. मोहरी, हिंग, भरपूर कढीपत्ता, शेंगदाणे, आणि कढईच्या तळाला लागलेला खरपूस भात मिळावा म्हणून मावशी शेवटी जेवायला बसायची. पुढे शिकून तज्ज्ञ झाल्यावर तिने आईला समजावलं की असा भात खाऊ नये. आईने लगेच ऐकलं, पण फक्त तिच्यापुरतं. "मग मी मिरजेला गेले की ती माझ्यासाठी ताजा उपमा करायची," मावशी म्हणाली. "पाहुणीला करतात तसा. दुसऱ्यांना भात, मला उपमा. मी एकदा मागायला हवा होता, मागितला नाही. मग ती गेली."

त्या संध्याकाळी मी भात केला. पातेलं ओट्यावर ठेवलं, झाकण ठेवलं आणि तिथेच उभी राहिले. नुसतं निघून जायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. औषधं बंद झाली होती, कुणी मला विचारणार नव्हतं, आणि तिने माझ्याकडे याआधी कधीच काही मागितलं नव्हतं. पण त्या शरीरात पोट बिघडलं तर काय होईल तेही मला तिनेच शिकवलं होतं. तिचे शेवटचे दिवस उलट्यांमध्ये जातील, आणि ते माझ्या हातच्या भाताने... मी पातेल्यावरचं झाकण काढलं, भात ताटात पसरला, आणि वाफ गेल्यावर फ्रीजमध्ये ठेवला.

सकाळी तो कडक झाला होता. बोटांनी मोकळा करताना मध्येच तुटत होता. मी कढीपत्ता जास्त घातला, शेंगदाणे खरपूस तळले, तळाला लागावा म्हणून गॅस मुद्दाम थोडा मोठा ठेवला. धावतच नेला. मावशीने एक घास घेतला, सावकाश चावला.

"फ्रीजमधला," ती म्हणाली.

"हो."

"बरोबर केलंस." कार्यक्रमात कुणी अचूक उत्तर दिलं की ज्या आवाजात म्हणायची, अगदी त्याच आवाजात. आणि मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, तू ऐकशील."

ती रागावली नव्हती. तिने आणखी थोडा भात खाल्ला, शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खाल्ले, तळाचा खरपूस भाग मागून घेतला. मी तिच्याजवळ बसून राहिले. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी चूक केली का, हा प्रश्न मला तितका छळत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी बहुधा तेच करेन, असं मला वाटतं. मला फक्त ती हवी आहे. तिच्याशी वाद घालायला, न बोलता जेवायला, तिने माझ्या स्लाइडवरची वेलांटी सुधारायला. संध्याकाळी भात झाला की मी फोन हातात घेते आणि मग ठेवून देते.

मागच्या रविवारी मंडळाने झूमवरचा कार्यक्रम पुन्हा सुरू केला आणि काकांनी मला विचारलं, तू घेशील का. मी नाही म्हणणार होते. पण काकांनी, मावशीसारखंच, दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी कॅमेरा चालू केला. आवाज सुरुवातीला इतका लहान निघाला की कुणीतरी मोठ्याने बोलायला सांगितलं. भाताची स्लाइड आली तेव्हा नलूकाकूंनी स्वतःला अनम्यूट केलं. नेहमीसारखंच, कपाळ आणि चष्मा.

"म्हणजे फोडणीचा भात करायचाच नाही का आता?"

"करायचा, काकू. ताटात पसरून, लगेच फ्रीजमध्ये ठेवून, मग सकाळी."

"चव तशीच लागते का पण?"

तयारी करताना मी या प्रश्नाचं उत्तर लिहिलं नव्हतं. सगळे चौकोन माझ्याकडे बघत होते. काकांचाही एक चौकोन होता, रिकाम्या पुढच्या खोलीतला.

"नाही," मी म्हटलं. "तशी नाही लागत."

मला वाटलं, झालं, मावशीचं इतक्या वर्षांचं काम मी एका वाक्यात घालवलं. नलूकाकूंनी फोन जरा खाली केला, तेव्हा त्यांचा पूर्ण चेहरा मला पहिल्यांदाच स्क्रीनवर दिसला.

"बरं," त्या म्हणाल्या. "किती पातळ पसरायचा म्हणालीस?"

मी बोट कॅमेऱ्यासमोर आडवं धरलं आणि अंगठ्याने पेर दाखवलं. एवढा, याहून जाड नको. मावशी हे असंच दाखवायची, बोट डोळ्यांजवळ नेऊन, चष्म्याच्या वरून बघत. काकांच्या चौकोनात काकांनीही आपलं बोट समोर धरलं होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते.