नदी नावाच्या नदीकाठी

त्या वर्षी आमच्या गल्लीतून घरटी एक पोर ऑस्ट्रेलियाला शिकायला जात होतं. नात सायली तिथल्या क्लेटन उपनगरात गेली आणि तिसऱ्या महिन्यात तिचे आजोबा, म्हणजे आमचे हे, वारले. परीक्षेमुळे पोरीला येता आलं नाही. पुढे त्यांचा विषय काढला की ती फोन ठेवायची. म्हणून वर्षाने मीच विमानात बसले. तिच्या हातून नदीत तिळांचं पाणी सोडायचं, एवढंच काम. तीळ इथून नेऊ नका, क्लेटनच्या देशी दुकानात मिळतात.

शहरातल्या नदीवर लोक होड्या वल्हवतात, तिथे तिला लाज वाटत होती. म्हणून रविवारी मैत्रिणीची गाडी घेऊन पूर्वेला तीन तास, स्ट्रॅटफर्ड गाव, एव्हन नदी. रस्ता गुळगुळीत, गायी भरपूर, माणूस नाही. वाटेत पाय नावाची मटण भरलेली मैद्याची वाटी मिळते. कार्य होतं म्हणून आम्ही चिप्सवर भागवलं. तुम्ही खा.

नदीत वाळू नि गोटे, पाणी मधून करंगळीएवढं. वाईचे गुरुजी फोनवर होते. कुठल्या नदीकाठी बसलोय ते संकल्पात सांगावं लागतं. सायलीने एव्हन सांगितलं. अर्थ वाईटसाईट नाही ना, असं त्यांनी विचारल्यावर तिने मोबाइलमध्ये शोधलं.

"नदी."

"नदी आहे ते दिसतंय मला. नावाचा अर्थ सांग."

"तोच अर्थ, गुरुजी. इंग्लंडच्या जुन्या भाषेत."

गावाच्या नावाचा अर्थ काय, तर रस्ता नदी ओलांडतो ती जागा. त्यात इंग्लंडमध्ये एव्हन चार-पाच, ऑस्ट्रेलियातही आणखी, शिवाय रस्त्यांना तेच नाव. गुरुजी घाबरले. एवढ्यांतून आजोबांनी नेमकं कुठे यायचं? शंका रास्त होती. हे रेशनच्या दुकानापर्यंत तिघांना विचारत जायचे. गुरुजी म्हणाले, दुसरी नदी बघा, पुढच्या अमावास्येला करू. माझं विमान गुरुवारी. मी फोन बंद केला आणि सायलीच्या ओंजळीत तीळ घातले.

"तूच सांग कुठे आहेस. तुझा आवाज ओळखतात ते."

तिने ओंजळ पाण्यावर धरली. मग म्हणाली, "आजोबा, मी नदीवर आहे. मला येता नाही आलं." पाणी सोडलं. पुलावरून एक ट्रक धडधडत गेला.

घरी येऊन दोन महिने झाले. शेजारणी विचारतात, कांगारू पाहिले का? पाहिले, रस्त्याकडेला मेलेले चार. परवा सायली आपण होऊन म्हणाली, आजोबा बशीतून चहा ओढायचे तो आवाज किती घाणेरडा होता. मी म्हटलं, बाई, मी तो चाळीस वर्षं ऐकलाय. मग अर्धा तास आम्ही दोघी त्यांचीच उणीदुणी काढत बसलो.