लहान ट्यूबचा चोक

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी धुळ्यातल्या माझ्या विजेच्या दुकानात ट्यूबलाइट नवीच होती. शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या अक्कांनी लांब ट्यूब घेतली. वीज आवरायला ट्यूबला चोक लागतो आणि तो तिच्याच वॅटचा हवा, हे मला ठाऊक होतं. पण दुकानात लहान ट्यूबचाच चोक उरला होता. ‘चालेल’ म्हणून मी तोच बसवला.

योग्य चोक आल्यावर त्यांच्याकडे गेलो, तर मशीन झाकून ठेवलेलं.

“भाऊ, मना डोया गयात,” अक्का म्हणाल्या. “बठ्ठं हालस. मशीन इकी टाकसू.”

“मशीन विकू नका अक्का, डोळे गेले नाहीत. चोक चुकीचा आहे, त्यामुळे उजेड लुकलुकतो आणि सगळं हलताना दिसतं. चूक माझी.”

चोक बदलताच उजेड स्थिरावला. अक्का आनंदाने सुई ओवायला बसल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.