दुर्गाघाटचा नाला आणि हेलनबाईंचा प्रश्न

रिपोर्ट माझ्यासमोर होता आणि साहेबांनी पेन पुढे धरले होते. "मैडम, साइन कर दीजिए. नाला बंद है, सब देख चुके हैं." माझी सही झाली की दुर्गाघाटाजवळचा नाला 'टॅप्ड' ठरणार आणि कामाच्या यादीतून कायमचा उडणार. मी पाण्याच्या लॅबमध्ये सीनियर केमिस्ट. रिपोर्टातले आकडे माझेच होते, आणि ते चांगले होते.

नाला टॅप करायचा म्हणजे त्याच्या तोंडाशी भिंत घालून पाणी अडवायचे आणि पंपाने उचलून सीवर लाइनमध्ये सोडायचे. गंगेत थेंबही जाता कामा नये.

बाजूला पाहुण्या बसल्या होत्या, हेलनबाई. आधी जंगलतोडीविरुद्ध आंदोलने, मग निवडणूक, मग ऑस्ट्रेलियातल्या एका राज्यात बरीच वर्षे आमदार. कायम विरोधी बाकावर. निवृत्तीनंतर देशोदेशींच्या नद्या बघत हिंडत होत्या. माझे इंग्रजी बरे, म्हणून साहेबांनी त्यांना माझ्या गळ्यात घातले होते. दोन दिवस घाट दाखवू आणि सुटू, असा माझा हिशेब.

त्यांनी रिपोर्ट चाळला आणि विचारले, "नमुना किती वाजता घेता?"

"अकरा वाजता."

"नेहमी?"

नेहमीच. ऑफिस दहाला उघडते. बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन घाटावर पोहोचेपर्यंत अकरा होतात.

बाई हसल्या. त्यांच्या मतदारसंघात कागदाचा एक कारखाना होता आणि तिथल्या नदीचे रिपोर्ट उत्तम. त्यांनी सभागृहात भाषण ठोकले नाही, नमुना किती वाजता घेता, हा एकच प्रश्न विचारला. मंत्र्यांना चौकशी करावी लागली. इन्स्पेक्टर घरी गेले की कारखाना घाण सोडायचा. "माझे एकही विधेयक कधी पास झाले नाही," त्या म्हणाल्या, "पण ती नदी सुटली."

मला राग आला. माझ्याच लॅबमध्ये बसून मला शिकवतात! खरे तर बाकीच्या वेळी नाल्याचे काय होते ते मला माहीत नव्हते, म्हणून राग आला होता.

सही न करता मी बाईंना घेऊन दुर्गाघाटच्या गल्लीत आमच्या दामूकाकांकडे गेले. काका पौरोहित्य करतात. सूर्योदयाआधीचे गंगास्नान त्यांनी कधी चुकवलेले नाही. नाल्याचे नाव काढताच ते माझ्यावरच उखडले.

"अगं सुधा, तुझा नाला पहाटे साडेचारला चालू होतो! सारा मोहल्ला नहातो-धुतो, आणि पंपवाला येतो आठला. तोपर्यंत सगळं भिंतीवरून सीधा गंगेत. मला वरच्या पंचगंगा घाटावर जाऊन नहावं लागतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? येतेस, पोहे खातेस, जातेस."

त्यांनी पंचांग आणून पुढ्यात टाकले. दुर्गाघाटावरच स्नान करायचे, हा त्यांचा नेम. नेम मोडला की प्रायश्चित्त, म्हणून मोडलेला प्रत्येक दिवस तिथीसमोर पेन्सिलीने लिहिलेला: 'नाला. पंचगंगा.' पानामागून पान. मी वाचून दाखवले तेव्हा बाई म्हणाल्या, "हे तुमच्या रजिस्टरपेक्षा बरे आहे." 

लागोपाठ तीन पहाटे मी पाच वाजता घाटावर हजर. भिंतीवरून काळे पाणी धो धो वाहत होते. मग बीओडी काढला. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्याचे हे माप. त्याला तीन दिवस लागतात. अकराच्या नमुन्याच्या कितीतरी पट आकडा बघून मी सगळे पुन्हा तपासले. आकडा तोच.

मीटिंगला बडे साहेब होते, आणि निकालासाठी मुक्काम वाढवलेल्या हेलनबाईही. आमच्या साहेबांनी माझ्या कागदांबरोबर ठेवलेले काकांचे पंचांग उचलून दाखवले. "सर, अब ये डेटा है!" सगळे खो खो हसले. हेलनबाई बोलायला सरसावल्या. मी हातानेच थांबवले. चूक माझी होती, मलाच बोलायचे होते.

"सर, पंचांग छोड़िए. ग्यारह बजे का रिपोर्ट भी मेरा है, पाँच बजे का भी मेरा. ग्यारह वाला अधूरा था. गलती मेरी है. साइन नहीं करूँगी."

 बडे साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले.

"पंप आठ बजे क्यों चलता है?"

 आमचे साहेब पुटपुटले, "ऑपरेटर की शिफ्ट आठ से है, सर."

"तो नाले को भी बता दीजिए कि आठ बजे आया करे!"

त्याच संध्याकाळी ऑर्डर निघाली. पंप पहाटे साडेतीनपासून, भिंत आणखी दोन फूट उंच, आणि नाला यादीत कायम.

काम पुरे झाल्यावर एका पहाटे मी दुर्गाघाटावर गेले. भिंत कोरडी होती. काका छातीभर पाण्यात उभे राहून पंचगंगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात संकल्प म्हणत होते. इतका आनंद मला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता. पायरीवर बसून मी चक्क रडले.

लॅबचे नमुने आता पहाटेही घेतले जातात. ज्युनिअर मंडळी मनातल्या मनात मला शिव्या घालतात. घालू देत. साऱ्या मोहल्ल्याच्या नाकाला जे रोज कळते, ते कागदावर आणायचे तर कुणाला तरी लवकर उठावे लागते.