सिस्टरच्या नाताळाचं पुरण

अकोल्यात आमच्या गल्लीत मिशनच्या दवाखान्यातली एक गोरी सिस्टर राहते. देश सातासमुद्रापार, पण भाजीवालीला विचारते, "काहून वं बाई, वांगे सोन्याचे हायेत काय?" सण कुणाचाही असो, तिला पुरण लागतं. पोळ्याला आमच्याकडं खाते आणि नाताळाला स्वतः पुरणपोळ्या करून गल्लीभर वाटते.

यंदा माझ्या बायकोला वाटलं, बिचारीला नाताळात घर आठवत असेल. म्हणून तिनं कुकरमध्ये केक केला. तो खालून पार कोळसा झाला, तरी आम्ही नेऊन दिला.

सिस्टरनं एक तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चावला.

"माह्या आईचा बी असाच जळे," ती म्हणाली.

पुरणपोळ्या गल्लीभर गेल्या. केक तिनं कोणालाच दिला नाही.