मास्तरांचा बटण

माझ्या मेहुण्याला सगळे बटण म्हणतात. हे नाव त्याच्या वडिलांनी ठेवलं, आणि लाडाने ठेवलेलं नाही. घरी पाहुणे आले की मास्तर त्याच्याकडे हात करून सांगायचे, "हा आमचा मुलगा. बटणं दाबतो." पाहुणे हसायचे, तोही हसायचा. दुसरे आपल्याला हसत असताना आपणही हसून घ्यायचं ही सवय लहानपणी लागली की सुटत नाही.

मास्तर म्हणजे माझे सासरे. व्हायोलिन शिकवतात. अर्ध्या शहराच्या हनुवटीखाली त्यांनी व्हायोलिन दिलं आहे आणि उरलेल्या अर्ध्याला ते माणसात मोजत नाहीत. मी त्या उरलेल्यांपैकी. मी लोकांना मोटार चालवायला शिकवतो.

शिकवणी घराच्या पुढच्या खोलीत चालायची. खिडकीजवळ विद्यार्थी उभा, त्याच्यासमोर खुर्चीत मास्तर, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर सासूबाई, मांडीवर लोकरीचं विणकाम. मास्तरांची शिस्त कडक. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड वर करून. पाठमोरं किंवा दुसऱ्या खोलीतून कुणी बोललं तर उत्तरच नाही. "माझ्याकडे बघून बोल, एवढंही शिकवलं नाही का कुणी?" लग्न नवीन असताना मी पेल्याआडून म्हणालो की चहा फक्कड झालाय, तर त्यांनी माझ्याकडे कपाटाकडे बघावं तसं बघितलं. मी ते त्यांच्या गर्वाच्या खात्यावर टाकलं आणि गप्प बसलो.

सासूबाईंना जुनाट खोकला होता. शिकवणीत तो जरा जास्तच उसळायचा. पोराचा सूर घसरला की त्या खोकायच्या आणि मास्तर गरजायचे, "बेसूर!" आम्ही दोघं नवराबायको हसायचो, की इतकी वर्षं त्या घरात राहून बिचारीच्या घशालाही संगीत कळायला लागलंय.

बटणलाही लहानपणी शिकवायला घेतलं होतं. त्याची बोटं तारेवर नेमकी पडेनात. गजाच्या दांडीचे फटके खाऊनही पडेनात. तेव्हा एक दिवस मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर त्याच्या हातातून व्हायोलिन काढून पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "याचे हात सुताराने केलेत." विषय संपला. त्या वर्गात माझी बायकोही उभी होती. ती म्हणते, तो रडला नाही, त्याने पेटीची कडी नीट लागली की नाही ते पाहिलं.

मोठा झाल्यावर त्याने न्हाणीघराशेजारची अडगळीची खोली मागून घेतली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, एक कॉम्प्युटर आणला, दोन स्पीकर आणले, आणि आत बसून संगीत करायला लागला. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "दोघं मावत नाहीत या खोलीत."

त्याचं काम मी जवळून पाहिलंय. पडद्यावर आडव्याउभ्या रेघांचं जाळं असायचं. त्यावर तो एकेक सूर माउसने विटेसारखा मांडायचा. कॉम्प्युटर प्रत्येक वीट आपणहून चौकटीत बसवतो, आणि हा पठ्ठ्या ती पुन्हा उचलून केसभर बाजूला सरकवायचा. डोळे मिटून ऐकायचा, पुन्हा सरकवायचा. एका ओळीला सकाळची दुपार व्हायची. मी म्हटलं, अरे बसलीय की व्यवस्थित, कशाला छळतोस? तर म्हणाला, "व्यवस्थित बसली की मेली, भाऊजी."

एकदा त्याने मला एक तुकडा ऐकवला. व्हायोलिनांचा एक अख्खा थवा जमिनीतून निघाल्यासारखा हळूहळू वर चढत गेला, चढता चढता फाटला, आणि त्या फटीतून एकच सूर असा काही खाली आला की माझ्या हातावर काटा उभा राहिला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण काटा कळतो. मी विचारलं, "किती माणसं वाजवतायत ही?"

"कुणीच नाही. माणसाला वाजवता येणारच नाही हे. बोटं पुरायची नाहीत." हे सांगताना तो इतका खूश होता की मला त्याचा हेवा वाटला.

त्याला गिऱ्हाइकं होती. सगळ्यात मोठं म्हणजे शहरातली एक नाचाची कंपनी चालवणारी बाई. ती दर नव्या कार्यक्रमाला त्याच्याकडेच यायची, त्या गाद्यांच्या खोलीत जमिनीवर बसून ऐकायची आणि उठताना त्याच्या डोक्यावर टपली मारायची. बटणची पोटापाण्याची चिंता मिटली होती. पण माणसाला नेमकं जे मिळत नाही तेच हवं असतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की मास्तरांनी एकदा त्या खोलीत येऊन बसावं आणि त्याचं काम ऐकावं. चांगलं म्हणू नये, नुसतं ऐकावं.

एका रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना त्याने धीर केला. मास्तरांच्या समोर तोंड करून म्हणाला, "बाबा, एकदा माझं ऐका ना."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "ज्याला वाद्य येत नाही, त्याचं काय ऐकायचं? आधी हातात व्हायोलिन घे. एक सप्तक सरळ चढून उतरून दाखव. मग बसतो तुझ्या त्या डब्यापुढे, म्हणशील तेवढा वेळ."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मोटार चालवायला आधी घोड्यावर बसता आलं पाहिजे, असं मी तर कुणाला सांगत नाही."

"तुमच्या मोटारीत जीव नसतो, जावईबापू," मास्तर म्हणाले. बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. सासूबाईंनी मान खाली घातली ती जेवण होईपर्यंत वर केली नाही. आणि बटण? तो गधडा आनंदाने लाल झाला होता. बापाने नाही म्हटलं नव्हतं, अट घातली होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने एक शिक्षिका गाठली. तिच्या वर्गात सगळी दात पडलेली पोरं, आणि त्यांच्यामध्ये चाळिशीला आलेला, पोट सुटलेला हा. पोरं त्याला काका म्हणायची आणि त्याच्या हाताला धरून गज सरळ करायची. परीक्षेच्या दिवशी पोरांच्या आया मागे बसून तोंडाला रुमाल लावायच्या. घरी कळू नये म्हणून तो माझ्या ट्रेनिंगच्या गाडीत काचा लावून सराव करायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, गाडीत कुणीतरी मांजर मारतंय. डाव्या हाताची बोटं सुजली, फुटली, मग घट्टे पडले. हनुवटीखाली काळा डाग पडला. तो डाग तो आरशात बघायचा, मिसरूड फुटल्यासारखा. वर्षं गेली त्यात.

आणि हाताला जसजसं येत गेलं, तसतसं त्या खोलीतलं काही तरी जात राहिलं. आधी मला वाटलं माझे कान खराब झाले. तो नवीन तुकडा लावायचा, मी वाट बघायचो, काटा काही यायचा नाही. पडद्यावर वीट ठेवताना त्याचा डावा हात मांडीवर आपोआप हलायचा, बोटं ती जागा शोधायची, आणि बोटांना न सापडणारी वीट तो काढून टाकायचा. मी विचारलं, तो थवा का नाही आणत आता? तर म्हणाला, "खोटं वाटतं, भाऊजी. हाताला माहितीये ना, असं होत नसतं."

नाचाच्या बाईने दोन कार्यक्रम चालवून घेतलं. तिसऱ्या वेळी ती आली, जमिनीवर बसली, ऐकलं, आणि टपली न मारता उठली. "पूर्वी तुझं ऐकलं की माझ्या मुलींना पाय कुठे टाकावा कळायचं नाही. म्हणून त्या कुठेतरी नवीनच टाकायच्या. आता सगळं आधीच कळतं रे." ती वाईट बाई नव्हती. तिने दुसरा माणूस धरला, एवढंच. हळूहळू बाकीचेही गेले. बटणला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. त्याचं सप्तक जवळजवळ बसलं होतं.

मग तो दिवस आला. पुढच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. मास्तर खुर्चीत, सासूबाई स्टुलावर, मी आणि बायको दाराशी. बटण खिडकीपाशी उभा राहिला, जिथे त्याच्या हातातून व्हायोलिन काढलं होतं तिथेच. गज उचलला आणि चढायला लागला. सूर स्वच्छ येत होते, माझ्यासारख्यालाही कळावं इतके. मास्तर त्याच्या मनगटाकडे एकटक बघत होते.

मध्यावर खुंटी सरकली. नव्या तारेची खुंटी कधीकधी सरकते म्हणे. एक तार एकदम ढिली पडली आणि जो सूर निघाला तो सूर नव्हता, दार करकरलं. माझ्या बायकोने डोळे गच्च मिटले. मी सवयीने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या सुया थांबल्या होत्या आणि ओठ घट्ट मिटलेले होते. त्या खोकल्या नाहीत.

बटण थांबला. गज खाली आला.

"थांबलास का?" मास्तर म्हणाले. "सूर बरोबर आहेत. मनगट जरा सैल सोड. चल, उतर आता."

बटणने आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग पुन्हा आईकडे. आईने मान फिरवली. मग त्याने व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली घेतलं आणि त्याच ढिल्या तारेवर, खुंटी न पिळता, ते सप्तक शेवटपर्यंत उतरवलं. इतकं भयंकर मी त्या गाडीतही ऐकलं नव्हतं.

"शाबास," मास्तर म्हणाले. "हाताने केलेलं हे असं असतं. आता आण तुझा डबा. मी शब्दाचा पक्का आहे."

बटणने कॉम्प्युटर आणला, स्पीकर आणले, टेबलावर मांडले. नवीन काही लावलं नाही, तो जुना थव्याचा तुकडा उघडला. पडद्यावरचा त्याचा हिरवा रंग माझ्या ओळखीचा होता. मग त्याने स्पीकरची वायर मागून उपटली, सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली, आणि बटण दाबलं.

खोलीत पंख्याचा आवाज होता. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. पडद्यावर हिरवी रेघ उसळत होती आणि मास्तर तिच्याकडे बघत खुर्चीच्या हातावर ताल धरत होते. रेघ चढली की भुवया चढायच्या. जिथे थवा फाटतो तिथे रेघ एकदम बारीक झाली, तिथे त्यांनी मान हलवली, जाणकार हलवतात तशी. सासूबाईंनी विणकामात तोंड खुपसलं होतं. रेघ सपाट झाली.

"तालात आहे," मास्तर म्हणाले. "पण कोरडं. ऐकून आत काही हलत नाही."

मला वाटलं, आता हा बोलेल. वायर उचलून त्यांच्या नाकासमोर धरेल. मी त्याच्या जागी असतो तर धरली असती. बटण त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, ओठ नीट दिसतील असा, आणि म्हणाला, "हो बाबा. बरोबर आहे तुमचं."

नंतर स्वयंपाकघरात त्याने आईला एवढंच विचारलं, "त्यांनी अट घातली तेव्हा तरी ऐकू येत होतं का?"

"नाही रे," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या कितीतरी आधीपासून नाही. व्हायोलिन त्यांना डोळ्यांनी कळतं, गजावरून, बोटांवरून. डोळ्यांना नाही दिसलं तिथे मी होतेच. तुझ्या त्या डब्यात काय बघणार होते? नाही कसं म्हणायचं, म्हणून ती अट बोलून गेले. त्यांना वाटलं, तुला जमायचंच नाही कधी."

"आज का खोकली नाहीस?"

"तुझ्यावर खोकणं माझ्याच्याने झालं नाही."

"खोकली असतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला. मग बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला. सासूबाई त्याच्या पाठीकडे बघत हळूच म्हणाल्या, की तुझ्या खोलीतलं मला रोज ऐकू यायचं, भाकरी थापता थापता मी थांबायचे. त्याने नळ बंद केला नाही. त्याने ते ऐकलं की नाही, मला सांगता येत नाही.

मला मास्तरांचा राग येतो. म्हातारा आहे, बहिरा आहे, घाबरलेला होता, सगळं मान्य. तरी येतो.

बटणने त्या खोलीत परत बसून पाहिलं. दार लोटून, गाद्यांमध्ये, दिवसचे दिवस. वीट ठेवायचा आणि बोटं मांडीवर हलायची. एकदा त्याने डावा हात कमरेच्या पट्ट्याने खुर्चीला बांधलेला मी पाहिला. काही झालं नाही. पुढे तिथे पुन्हा अडगळ आली.

हिवाळ्यात सासूबाई गेल्या. छातीतच काहीतरी झालं होतं, आणि त्यांचा खोकला खरा कधी झाला ते आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर मास्तरांनी पहिली शिकवणी ठेवली त्या दिवशी मी बायकोला सोडायला गेलो होतो. खिडकीशी एक मुलगी वाजवत होती. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे जात होती. मास्तरांना मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

आतून बटण आला. कुणाशी न बोलता स्टुलावर जाऊन बसला. मुलीचा सूर घसरला. तो क्षणभर थांबला आणि खोकला.

"बेसूर!" मास्तर गरजले.

शिकवणी संपली, मुलीने व्हायोलिन पेटीत ठेवलं, कडी लावली, गेली. बटण अजून स्टुलावरच होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्या रविवारच्या जेवणानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. बाप आता काहीतरी बोलणार, याची तो वाट बघत होता.

मास्तर उठले. जाता जाता त्याच्याकडे न बघता म्हणाले, "उशीर होतो तुला. जरा लवकर खोकत जा."